पवित्र देवाजवळ जाण्याचा मार्ग : जुना करार, नवा करार आणि पंडिता रमाबाईंचा मराठी अनुभव

प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावात वाढलेल्या विद्यार्थ्यास गाभारा, उंबरठा, सोवळे, विटाळ हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. देवळात कोठपर्यंत जायचे, केव्हा जायचे आणि कोणी बाहेरूनच हात जोडायचे, हे तो लहानपणी पाहूनच शिकलेला असतो. त्याच विद्यार्थ्यासमोर वर्गात ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ या संज्ञा आल्या, म्हणजे मात्र त्या त्यास परक्या वाटतात. वस्तुतः बायबलच्या या दोन भागांना जोडणारा मध्यवर्ती प्रश्न त्याच्या ओळखीचाच आहे. देव पवित्र आहे आणि मनुष्य तसा नाही. मग मनुष्याने देवाजवळ जावे कसे आणि जाण्याचा अधिकार कोणास?

या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की, जुन्या करारातील देव दूरचा व कठोर, तर नव्या करारातील देव जवळचा व दयाळू. ही मांडणी सोपी असली तरी मूळ ग्रंथास धरून नाही. दोन्ही करारांत देवाचे पावित्र्य तेच आहे. बदलतो तो त्याच्याजवळ जाण्याचा मार्ग. प्रस्तुत लेखात हा बदल स्पष्ट करून, तो मराठी भूमीत कसा समजून घेतला गेला याचा पंडिता रमाबाईंच्या उदाहरणाने विचार करावयाचा आहे. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे ज्या केडगावात घालविली आणि जेथे त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, ते आपल्याच पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात आहे.

काही संज्ञा

प्रथम ‘करार’ या शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. हा शब्द अरबी-फारसीतून दरबारी व्यवहाराच्या द्वारे मराठीत आला. आपण करार म्हणतो तेव्हा समान पातळीवरील दोन पक्ष, त्यांनी परस्परांना मान्य केलेल्या अटी आणि त्याखालील सह्या असे चित्र डोळ्यांपुढे येते. मूळ हिब्रू ‘बरीथ’ या शब्दाची व्याप्ती याहून मोठी आहे. राजाने आश्रितास दिलेले अभिवचन, त्यातून निर्माण होणारे नाते आणि त्या नात्याची बंधने हे सर्व त्यात येते. सिनाय पर्वतावर झालेल्या करारात अटी देवाने घातल्या; त्यापूर्वीच इस्राएल लोकांची मिसर देशातील दास्यातून सुटका झालेली होती. म्हणजे नियम हे सुटकेचे मूल्य म्हणून आलेले नसून सुटलेल्यांच्या जीवनाची रीत म्हणून आलेले आहेत. ग्रीक भाषेत यासाठी ‘दियाथेके’ हा शब्द योजिला गेला. त्याचा मृत्युपत्र असाही अर्थ होतो आणि इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने त्या दुहेरी अर्थाचा जाणीवपूर्वक उपयोग करून घेतला आहे.

दुसरी संज्ञा ‘पवित्र’. हिब्रूतील ‘कादोश’ या शब्दाच्या मुळाशी वेगळेपणाची कल्पना आहे. जे सामान्य व्यवहारातून बाजूस काढलेले आहे ते पवित्र. तिसरा शब्द ‘अर्पण’ या अर्थी येणारा ‘कोर्बान’. त्याचा धातू ‘जवळ येणे’ या अर्थाचा आहे. मराठीत ‘बळी’ या शब्दाबरोबर हत्येची कल्पना पुढे येते. हिब्रू शब्दात मात्र जवळ येण्याची कल्पना मुख्य आहे. यज्ञविधींचे जे विस्तृत वर्णन वाचताना आधुनिक वाचक कंटाळतो, ते जवळ येण्याच्या रीतीचे वर्णन आहे, हे या एका शब्दावरून लक्षात येते.

जुन्या करारातील रचना

निर्गम या पुस्तकात सिनाय पर्वताभोवती मर्यादा आखून दिल्याचा प्रसंग आहे. ती ओलांडणाऱ्यास मृत्यू ठरलेला होता. लोक भयभीत होऊन दूर उभे राहतात आणि मोशेने आपल्या वतीने देवाशी बोलावे अशी विनंती करतात. येथे मध्यस्थाची गरज लोकांनाच जाणवली आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

यानंतर उभारलेल्या निवासमंडपाची रचना मराठी वाचकास सहज समजेल अशी आहे. बाहेर शंभर हात लांब व पन्नास हात रुंद अंगण. त्यात होमवेदी आणि हातपाय धुण्याचे गंगाळ. आत मंडप. त्याचा पुढील भाग पवित्रस्थान. तेथे दीपवृक्ष, समर्पित भाकरींचे मेज आणि धूपवेदी. त्यापलीकडे पडदा आणि पडद्याआड दहा हात लांब, रुंद व उंच असे परमपवित्रस्थान. तेथे कराराचा कोश ठेवलेला असे. मात्र मूर्ती नव्हती. अंगणापर्यंत सामान्य इस्राएली येई, पवित्रस्थानात याजक जाई आणि पडद्याआड केवळ प्रमुख याजक, तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी. त्या दिवशी तो स्नान करी, नेहमीची भरजरी वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे नेसे आणि प्रथम स्वतःच्या पापासाठी रक्त अर्पण करून मगच लोकांसाठी आत जाई. इतरांसाठी मध्यस्थी करणाऱ्याचेही हात स्वच्छ नाहीत, ही कबुली त्या विधीतच गुंफलेली होती. त्याच दिवशी लोकांची पापे दुसऱ्या एका बकऱ्याच्या मस्तकावर ठेवून तो अरण्यात सोडला जाई.

या रचनेत चार गोष्टी निश्चित होत्या : स्थान, काळ, वंश आणि रक्त. विशिष्ट जागी, विशिष्ट दिवशी, अहरोनाच्या वंशातील पुरुषाने, बळीचे रक्त घेऊनच जावयाचे. या चौकटीबाहेर जाऊन अर्पण करणारे अहरोनाचे पुत्र नादाब व अबीहू यांचा मृत्यू झाल्याची कथा लेवीय या पुस्तकात आहे.

परंतु एवढे सांगून थांबल्यास चित्र एकांगी होईल. हा मंडप गावाबाहेरच्या निर्जन डोंगरावर नव्हता. इस्राएलच्या बारा वंशांची छावणी त्याच्या चारही बाजूंस पडत असे आणि मधोमध देवाचा निवास असे. लोकांनी मुक्काम हलविला की मंडपही त्यांच्याबरोबर हले. जो देव अस्पर्श आहे, तोच लोकांच्या वस्तीच्या मध्यभागी राहू इच्छितो, या दोन गोष्टींचा मेळ घालणारी ही व्यवस्था होती. विजेच्या तारेस आवरण घातले तर ती घरात आणता येते. आवरण हे वीज नाकारण्यासाठी नसते. मंडपाचे पडदे व पायऱ्या यांचे प्रयोजन काहीसे असेच होते.

त्या रचनेतही पुढील काळाची चाहूल आहे. सिनाय पर्वतापाशीच अवघ्या इस्राएलला याजकांचे राज्य म्हटले आहे. पुढे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास, यरुशलेमच्या विनाशाच्या छायेत, यिर्मया संदेष्ट्याने नव्या कराराची घोषणा केली. त्यात नियम दगडावर न लिहिता अंतःकरणावर लिहिला जाईल आणि लहानापासून थोरापर्यंत सर्वजण देवास ओळखतील, असा आशय आहे.

विटाळ आणि अस्पृश्यता : एक आवश्यक भेद

मराठी अभ्यासकाच्या मनात येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. ही सर्व आपल्याकडील सोवळ्या-ओवळ्याचीच दुसरी आवृत्ती नव्हे काय? साम्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. स्पर्शाने लागणारी अशुद्धता, रजस्वलेची अशुद्धता, मृताचे सुतक, स्नानाने होणारी शुद्धी या गोष्टी लेवीय या पुस्तकात सापडतात. याजकत्वही जन्मावर अवलंबून होते.

तथापि एक भेद मूलभूत आहे. त्या नियमांतील अशुद्धता ही अवस्था होती, जात नव्हती. ती प्रमुख याजकासही लागू शके आणि बहुतेक प्रसंगी स्नान व सायंकाळपर्यंतची प्रतीक्षा यांनी निवारण होई. जन्मतःच अशुद्ध आणि कोणत्याही उपायाने शुद्ध न होणारा इस्राएली समूह त्या संहितेत नाही. आपल्याकडे चोखामेळ्यांची भक्ती सर्वमान्य झाली. तरी त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिक येथे काळाराम मंदिर सत्याग्रहास आरंभ झाला आणि मे १९४७मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. या दोन्ही प्रसंगी विरोध झाला तो व्यक्तीच्या तात्पुरत्या अवस्थेस नव्हे, जन्मास. पुढे जानेवारी २०१४मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पंढरपुरातील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्कही संपुष्टात आले.

अर्थात ज्या ठिकाणी अंतर राखले जाते तेथे त्या अंतराचे भिंतीत रूपांतर होण्याचा धोका असतो आणि यहुदी इतिहासही त्यास अपवाद नाही. हेरोदाने वाढविलेल्या यरुशलेमच्या मंदिरात स्त्रियांचे अंगण वेगळे होते आणि परराष्ट्रीयांनी कठडा ओलांडल्यास ओढवणाऱ्या मृत्यूस तेच जबाबदार राहतील, अशा ग्रीक लेखाची शिळा तेथे लावलेली असे. अशी एक संपूर्ण शिळा १८७१ साली यरुशलेममध्ये सापडली. ती आज इस्तंबूल येथील संग्रहालयात आहे. नव्या करारातील इफिसकरांस पत्रात मधली भिंत पाडल्याचा उल्लेख येतो, तो समजून घेण्यास ही शिळा फार उपयोगी पडते.

नव्या करारात काय बदलले?

येशूच्या मृत्युसमयी मंदिरातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. मराठी वाचकास येथे विवाहातील अंतरपाट आठवल्यावाचून राहत नाही. अंतरपाट धरला जातो तो मुहूर्ताची घटिका भरेपर्यंत आणि दूर व्हावा म्हणूनच. नव्या कराराच्या लेखकांनी मंदिराच्या पडद्याकडे याच दृष्टीने पाहिले. तो वरून फाटला या तपशिलास त्यांच्या लेखी अर्थ आहे : मार्ग मनुष्याने बळाने उघडलेला नाही, तो देवाच्या बाजूने उघडला गेला.

या बदलाचे सर्वांत पद्धतशीर विवेचन इब्री लोकांस पत्रात आहे. वर सांगितलेल्या चारही गोष्टी तेथे एका व्यक्तीत एकवटतात. स्थान म्हणजे आता यरुशलेमचे मंदिर नव्हे. काळ म्हणजे वर्षातील एक दिवस नव्हे, कारण अर्पण एकदाच व कायमचे झाले. ख्रिस्त अहरोनाच्या वंशातील नाही, म्हणून वंशाची अट उरत नाही. आणि रक्त बकऱ्याचे नसून अर्पण करणाऱ्याचे स्वतःचे आहे. यावरून लेखक निष्कर्ष काढतो की, आता देवाच्या आसनाजवळ निर्भयपणे यावे. इ. स. ७०मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, त्यानंतर या विचारास अधिकच महत्त्व आले. त्याच आपत्तीत यहुदी धर्मानेही प्रार्थना, अध्ययन व दानधर्म यांच्या आधारे आपला स्वतंत्र मार्ग घडविला, हे नमूद करणे उचित होईल.

शुभवर्तमानांत हाच बदल प्रसंगांतून दिसतो. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री गर्दीत येशूच्या वस्त्राला स्पर्श करते. लेवीय नियमानुसार तिच्या स्पर्शाने दुसऱ्यास अशुद्धता लागावयास हवी. येथे उलट घडते आणि त्याच्याकडून तिला आरोग्य मिळते. शुद्धतेचा प्रवाह उलट दिशेने वाहू लागतो. नव्या कराराचे सार या एका प्रसंगात सांगता येईल.

मात्र येथे दुसरी एक गैरसमजूत दूर केली पाहिजे. निर्भयता म्हणजे बेपर्वाई नव्हे. निर्भयपणे या असे सांगणारे हेच इब्री लोकांस पत्र पुढे देवाला भस्म करणाऱ्या अग्नीची उपमा देते. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये देवापुढे खोटे वागणारे हनन्या व सप्पीरा यांची कथा आहे आणि प्रभुभोजनास अयोग्य रीतीने बसणाऱ्यांना पौलाने दिलेली ताकीदही आहे. अग्नी विझलेला नाही. त्याच्याजवळ बसता येईल अशी जागा निर्माण झाली आहे.

मराठीतील पहिला प्रयत्न

हा आशय मराठी कवितेत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी केला. ते १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण व दुसरे पुराण असे दोन भाग असून ते स्थूलमानाने जुन्या व नव्या कराराशी जुळतात. ज्या नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे हिरावली गेली होती, त्यास वाचावयास काही हवे होते, ही त्यामागील गरज होती. ‘पुराण’ हा शब्द योजल्यामुळे दोन करार हे दोन विरोधी दस्तऐवज न राहता एकाच कथेचे पूर्वार्ध व उत्तरार्ध झाले. वैकुंठासारखे शब्दही स्टीफन्स यांनी मोकळेपणाने स्वीकारले. परंतु त्याच गोव्यात पुढे चर्चमधील कॉन्फ्रारिया, म्हणजे उत्सव व विधी यांचे मान सांभाळणारी मंडळे, जातिनिहाय राहिली. पडदा फाटल्याची कथा ज्यांनी ऐकली त्यांनीच नवे पडदे शिवले, असे खेदाने म्हणावे लागते.

पंडिता रमाबाई : प्रश्न जगलेली व्यक्ती

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले आणि रमाबाईंचे शिक्षण आईकडून झाले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थांतून हिंडले. उपवास, स्नाने, दाने, देवळांतील सेवा यांपैकी काही करावयाचे राहिले नव्हते. तरी दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाईंनी आपले हे अनुभव १९०७मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात सांगितले आहेत. १८७८मध्ये त्या भावासह कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु धर्मशास्त्राचा अभ्यास करताना त्यांना आढळले की, शास्त्रकारांत अन्य मतभेद कितीही असले तरी स्त्रीला स्वतंत्रपणे मोक्षाचा अधिकार नाही, याविषयी त्यांचे जवळजवळ एकमत आहे. जिला सभेने सरस्वती म्हटले, तिलाच वेदाचा अधिकार नव्हता. पवित्राजवळ जाण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे असा उभा राहिला.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चाललेले कार्य पाहून त्यांनी त्यामागील प्रेरणा विचारली. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यात आली. विहिरीवरील ती स्त्री येशूला विचारते की, आराधना आमच्या डोंगरावर करावी की यरुशलेमात? स्थानाचा हा प्रश्न बाजूस सारून तिला सांगण्यात येते की, खरी आराधना आत्म्याने व सत्यतेने होते. जातीने परकी, चारित्र्याने निंद्य आणि शिवाय स्त्री, अशा व्यक्तीशी झालेला हा संवाद रमाबाईंना निर्णायक वाटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

यापुढील घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. बाप्तिस्मा झाला तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे रमाबाई आत्मनिवेदनात नमूद करतात. ती प्राप्ती त्यांना सुमारे आठ वर्षांनी झाली. म्हणजे नव्या करारात नाव दाखल होऊनही मनुष्य अंगणातच उभा असू शकतो, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले. दुसरीकडे, इंग्लंडमधील वास्तव्यातच धर्माधिकाऱ्यांच्या शब्दापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी नकार दिला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार या दृष्टीने वाचनीय आहे. पडदा फाटला असेल तर नवे द्वारपाल कशासाठी, असा त्यांच्या भूमिकेचा मथितार्थ सांगता येईल.

१८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतांतील निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपासदन होते. ज्यांना सर्व उंबरठ्यांनी अशुद्ध ठरविले, त्यांना तेथे प्रार्थनेच्या जागी बसता आले. बायबलचे भाषांतर करण्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. ग्रांथिक व संस्कृत दार्शनिक परिभाषेमुळे मूळ अर्थ झाकोळतो, असे त्यांचे मत होते. अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल असे बायबल त्यांना हवे होते. मुक्ती सदनाच्या छापखान्यात तेथील मुली काम करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रकाशित झाले. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीने संस्कृताचा पडदा जाणूनबुजून दूर सारावा, यात नव्या कराराचे भाष्यच आहे. ‘क्रिस्तपुराणा’ने ओळखीच्या शब्दांतून जवळीक साधली, रमाबाईंनी शब्द साधे करून ती साधली.

याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तिसरा मार्ग धरला. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंगाच्या परंपरेतून ख्रिस्ताला माउली म्हणून संबोधिले आणि १९१७मध्ये सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात स्थान होते. दरबार म्हटले की मर्यादा आली आणि माउली म्हटले की जवळीक आली. पावित्र्य व सान्निध्य या दोन्ही बाजू मराठी भक्तिभाषेत एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जुन्या करारातील अंतर हे सान्निध्याच्या विरोधी नव्हते; पवित्र देव वस्तीच्या मध्यभागी राहावा यासाठीच ते आखलेले होते. नव्या करारात पावित्र्य कमी झालेले नाही. स्थान, काळ, वंश व बळी यांची अट एका व्यक्तीत पूर्ण झाल्यामुळे मार्ग सर्वांस मोकळा झाला. ‘कठोर देव’ व ‘दयाळू देव’ ही विभागणी म्हणूनच टिकत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने हा विषय शिकविताना गाभारा, पायरी, अंतरपाट या ओळखीच्या कल्पनांचा आधार अवश्य घ्यावा. मात्र अवस्थेने येणारी अशुद्धता आणि जन्माने लादलेली अस्पृश्यता यांतील भेद विद्यार्थ्यांपुढे स्पष्ट ठेवावा. कोणत्याही धर्मपरंपरेची परीक्षा तिच्या गाभाऱ्यात काय आहे एवढ्यावर होत नाही. पायरीवर कोण उभे राहिले आहे आणि त्यास कोणी का थांबविले आहे, यावरही होते. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या मुलींपैकी अनेकींना कोणत्याही देवळाच्या आत जाण्याचा अधिकार कधी लाभला नसेल. त्यांच्या हातांनी पवित्र ग्रंथाची पाने जुळविली गेली, ही घटना जुन्या व नव्या करारातील फरक कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्टपणे सांगते.